पडायचंच नाही, असं मी म्हणालो

दर्शना,

तुझ्या शोकसभेत त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. तुझा फोटो टेबलावर होता, गणवेशातला, केस घट्ट बांधलेला, आणि त्याच्या शेजारी उभं राहून तुमचे साहेब माइकवर म्हणाले, "दर्शनानं शेवटपर्यंत शस्त्र सोडलं नाही. हे तिच्या प्रशिक्षकांचंही यश आहे." मग माझं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकपर्यंत गेलो, तुझ्या फोटोकडे पाहिलं, आणि परत येऊन बसलो. सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला गहिवरून आलं. मला गहिवरून आलं नव्हतं. मला माइक फेकून मारावासा वाटत होता, आणि कुणाला मारावा ते ठरत नव्हतं. निघताना शाल खुर्चीवर ठेवून आलो. नारळ कुणीतरी माझ्या स्कूटरच्या डिकीत आणून टाकला, तो अजून तिथेच आहे.

आज तुला जाऊन सव्वीस दिवस झाले. तेव्हा बोललो नाही ते आता लिहितो. तुझ्यावरही रागावलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तू पहिल्यांदा आलीस ती संध्याकाळ आठव. आंब्याच्या पेट्या भरायच्या जुन्या शेडमध्ये मी शाळेतल्या मुलींना जुदो शिकवायचो. एकोणीस वर्षं आखातात एका कंपनीत हत्यारी पहारेकरी होतो, तिथे जे शिकलो त्यातलं इथे कुणाला काही नको होतं. आईबापांना सर्टिफिकेट हवं होतं, पोरींना मेडल. तू दाराशी उभी राहिलीस, बूट काढलेस आणि म्हणालीस, "मला जुदो नको. माझ्या कमरेचं पिस्तूल कुणी ओढलं तर काय करायचं, तेवढंच शिकवा."

मी विचारलं, "खात्यात नाही का शिकवत?"

"नेम धरायला शिकवतात. ओढलं तर काय, ते एका पानावर छापलंय. पान वाचून हात हलत नाही."

मला हसू आलं. आरोपींना कोर्टात नेणं-आणणं ही तुझी ड्युटी. तू पाच फूट दोन इंच. तुझ्या बाजूला चालणारा आरोपी तुझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि त्याच्या हातापासून तुझं पिस्तूल टीचभर अंतरावर. हे गणित तू स्वतः मांडलं होतंस. तुला कुणी पाठवलं नव्हतं. ज्याला भीती वाटते आणि भीतीचं नेमकं कारण सांगता येतं असा विद्यार्थी मला तोवर मिळालाच नव्हता.

मी शिवणीच्या लाकडाचं पिस्तूल करून काळं रंगवलं. माझ्या बायकोनं, तुझ्या चाचीनं, ते बघितलं आणि म्हणाली, "या वयात खेळणी करताय होय." पुढची चार वर्षं दर रविवारी सकाळी आपण त्या खेळण्यासाठी झोंबत होतो. पहिले दोन महिने तर मी तुला एकच गोष्ट करायला लावली. समोरच्याचा हात तुझ्या होल्स्टरवर पडला की ओढायचं नाही, त्याचा हात झटकायचा नाही. आपला पंजा त्याच्या पंजावर मारायचा आणि पिस्तूल खाली दाबून तिथेच खिळवायचं. कोपर बरगडीला चिकटवायचं. गुडघे वाकवून बूड खाली सोडायचं आणि पिस्तूल असलेल्या बाजूची कंबर त्याच्यापासून मागे फिरवायची. त्याची पकड मजबूत असेल तर दुसरा हातही त्यावर आणायचा. त्याचा जोर मनगटात असतो, आपला जोर कमरेत आणला की तो हरतो. तू चिडायचीस. "चाचा, एवढंच? मारायचं कधी?" मी म्हणायचो, आधी राखायचं, मग मारायचं.

चाचा तू मला कधीपासून म्हणायला लागलीस ते आठवत नाही. आधी सर होतो. बहुतेक त्या सोमवारपासून, सुट्टी म्हणून आली होतीस आणि तुझा उपास होता. मी म्हटलं रिकाम्या पोटी झोंबायचं नाही. तू म्हणालीस, तुम्ही रोज्यात शिकवता तेव्हा चालतं? चाचीनं तुझी बाजू घेतली आणि वऱ्याचे तांदूळ शिजवले. तांदळाचा चिखल झाला होता. तू सगळा खाल्लास.

आणि जत्रेतून आलीस तो दिवस. बंदोबस्ताला होतीस, एका दारुड्यानं मागून येऊन तुझं पिस्तूल धरलं. दुपारी खाज्याचा पुडा घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरलीस आणि म्हणालीस, "चाचा, धरा बरं माझी कंबर, दाखवते." मी धरलं. पुढच्या क्षणी माझा हात खिळलेला, तू फिरलेली आणि तुझं कोपर माझ्या छातीत. पातेलं खाली आलं. चाची ओरडली. तू हसत होतीस आणि हसता हसता कमरेचा पट्टा पुन्हा पुन्हा चाचपत होतीस, ते मी पाहिलं. "त्याला कळलंच नाही, चाचा," म्हणालीस. "तो सॉरी ताई म्हणून निघून गेला." त्या दिवशी मी नमाजाला बसलो तेव्हा छाती दुखत होती आणि मी खूश होतो. आखातातून परत आल्यावर इतकी वर्षं मी इथे कुणाच्या उपयोगाचा नव्हतो. तू मला उपयोगाला आणलंस. याचे आभार कधी मानले नाहीत. ते मानायचे असतात हे मला सुचलंच नाही.

आता त्या रविवारचं सांगतो, जो तुलाही आठवत असेल.

तू साहेबांना शेडमध्ये आणलं होतंस. सहा महिने मागे लागून. तुझं म्हणणं होतं की आरोपी नेणाऱ्या सगळ्या बायकांना हे शिकवलं पाहिजे, आणि साहेब बघतील तर वर लिहितील. मी नवीन ट्रॅकसूट घातला होता. चाचीनं सांदणं केली होती. साहेबांबरोबर आणखी चौघं आले. तू आणि मी सगळे डाव दाखवले. होल्स्टरमधलं पिस्तूल, हातातलं पिस्तूल, समोरून, मागून, भिंतीला टेकवून. माझं वय एकसष्ट, पण त्या दिवशी मी चाळिशीचा होतो. साहेब माना डोलवत होते.

मग तू विचारलंस, "चाचा, आपण पायऱ्यांवर असलो तर?"

मी म्हणालो, "पाय रुंद ठेवायचे."

"पायरीवर रुंद कुठे ठेवणार? तोल गेला तर? दोन्ही हात पिस्तुलावर आहेत. पडताना हात टेकायला लागतो, तुम्हीच शिकवलंय. मग पडायचं कसं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आखातात आम्ही सपाट जमिनीवर शिकलो. कंपनीच्या आवारात पायऱ्या नव्हत्या, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. मी एवढंच म्हणायला हवं होतं की माहीत नाही, बघू या. त्याऐवजी मी साहेबांकडे पाहिलं आणि म्हणालो, "पडायचंच नाही."

साहेब मोठ्यानं हसले. चौघंही हसले. एकानं तर टाळी दिली दुसऱ्याला. माझं वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाऊन मी ते चाचीला सांगितलं. तू हसली नाहीस. तू पट्टा घट्ट केलास आणि लाकडी पिस्तूल खुंटीला अडकवलंस.

सगळे गेल्यावर तू परत विचारलंस. "उत्तर नाही दिलंत."

"अगं, साहेबांसमोर असले प्रश्न विचारतात का? तुझंच काम बिघडेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"दर्शना, मला शिकवू नकोस."

तू बूट घातलेस. लेस बांधायला तुला बराच वेळ लागला, की तू मुद्दाम लावलास. मी तेवढ्या वेळात काहीतरी बोलू शकलो असतो. मी सांदणांचं ताट उचलून आत गेलो. नऊ दिवस तुझा फोन नाही. मीही केला नाही, मी मोठा ना. मग तुझा मेसेज आला, रविवारी येते. मी अंगठा पाठवला. रविवारी तुला ड्युटी लागली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ते झालं.

काय झालं ते मला शिर्केनं सांगितलं. तो तुझ्याबरोबर होता. तू गेल्यावर चौथ्या दिवशी तो शेडमध्ये आला, मॅटवर मांडी घालून बसला आणि एकदाही वर न बघता सांगत राहिला. बागांमधले पाण्याचे पंप चोरणारा एक तरुण, त्याला तुम्ही तालुक्याच्या कोर्टात तारखेला नेलं होतंत. पुढच्या दारात गर्दी म्हणून मागच्या जिन्यानं खाली उतरत होतात. चिऱ्याच्या पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. शिर्के एक पायरी पुढे, आरोपीचा हात धरून. तू बाजूला. वळणावर त्यानं शिर्केला भिंतीवर ढकललं आणि दोन्ही हातांनी तुझं पिस्तूल धरलं.

"ती ओरडली नाही, चाचा," शिर्के म्हणाला. "मी वळेपर्यंत तिचे दोन्ही हात त्याच्या हातांवर होते. ती खाली बसायला गेली, कंबर फिरवली. तुम्ही तिला शिकवलं होतंत तसंच. तो ओढत होता. मग दोघं गेले."

सात पायऱ्या. तू खाली, तो वर. तुझं डोकं चिऱ्याच्या कडेवर आपटलं. शिर्केनं त्याला बाजूला केलं, तेव्हा तुझे दोन्ही हात होल्स्टरवरच होते. "मला तिची बोटं सोडवावी लागली," तो म्हणाला. आणि तू डोळे उघडून पहिलं काय विचारलंस, "बटण लागलंय ना?"

होल्स्टरचं बटण लागलेलं होतं.

दर्शना, तू उठून बसलीस. पाणी प्यायलीस. डोकं दुखतंय म्हणालीस आणि तरी पिस्तुलाचा नंबर कागदाशी जुळवून घेतलास, गोळ्या मोजून दिल्यास, सही केलीस. सही वेडीवाकडी आली म्हणून दुसरी केलीस. कुणीतरी कागद पुढे केला आणि तू सही केलीस, कुणीतरी म्हणालं आधी हत्याराचं होऊ दे, आणि तू होऊ दिलंस. त्यातल्या एकालाही वाटलं नाही की जिचं डोकं दगडावर आपटलंय तिला आधी डॉक्टरकडे न्यावं. गाडीत तुला उलटी झाली. रत्नागिरीहून पुढे कोल्हापूरला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिर्केचा फोन आला. मी फोन घेऊन अंगणात गेलो आणि चाचीला काय सांगायचं ते न कळून तिथेच उभा राहिलो. ती आतून म्हणाली, "कोण होतं?" मी म्हणालो, "राँग नंबर."

पिस्तुलाचं चेंबर रिकामं होतं, गोळ्या खाली मॅगझिनमध्ये. हे मी शिर्केला विचारलं, तो हो म्हणाला. तुमच्यात तसाच नियम आहे. स्लाइड ओढल्याशिवाय गोळी सुटली नसती, आणि त्या पंपचोरानं जन्मात पिस्तूल हातात घेतलं नव्हतं. तुला हे माहीत होतं. तोल गेला तेव्हा एक हात सोडला असतास, दोन्ही सोडले असतेस, तर तो पिस्तूल घेऊन चार पायऱ्या पळाला असता आणि शिर्केनं त्याला धरलं असतं. तू का नाही सोडलंस? याचा मला इतका राग आहे की काल भिंतीवर हात आपटून घेतला. दोन बोटं सुजली आहेत, हे डाव्या हातानं लिहितो आहे.

मी शिर्केला हे सगळं बोललो. तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. मग म्हणाला, "चाचा, त्यानं स्लाइड ओढली असती तर समोर मी होतो. मला दोन पोरं आहेत. तिनं सोडायला हवं होतं, असं माझ्यासमोर बोलू नका."

त्याचं बरोबर असेल. माझंही बरोबर असेल. तुझ्याशी मी यावर चार रविवार भांडलो असतो आणि शेवटी चाचीनं दोघांना जेवायला बसवलं असतं.

पण तू का सोडलं नाहीस याचं एक कारण मला माहीत आहे, ते शोकसभेत कुणी बोललं नाही. मागच्या वर्षी तूच सांगितलं होतंस. तुमच्यातल्या एकाचं हत्यार प्रवासात गेलं. तो घरी बसला, चौकशीच्या फेऱ्या मारत राहिला, लोक त्याच्या बायकोला बाजारात विचारायचे. तू म्हणाली होतीस, "चाचा, हात मोडला तर रजा मिळते. पिस्तूल गेलं तर माणूसच जातो." तुझ्या घरी कमावणारी तू एकटी. मुंबईला गेलेला भाऊ वर्षातून एकदा गणपतीला येतो, रिकाम्या हातानं. त्या सात पायऱ्यांवर तुझ्या मनात पंपचोर नव्हताच. चौकशी होती. आणि ज्यांनी ही भीती तुझ्या मनात घातली तेच आता फोटोला हार घालून म्हणतात, तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

भीती त्यांनी घातली, आणि न सोडण्याची पकड मी दिली. चार वर्षं, दर रविवारी. तुझ्या बोटांत ती इतकी मुरवली की तू शुद्धीत नसतानाही ती सुटली नाही. मी चांगला शिक्षक आहे, दर्शना. साहेब खोटं बोलले नाहीत.

शोकसभेनंतर चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. वर लिहिलं होतं, मंजूर झालं होतं. तुझ्या नावानं वर्ग, दर शनिवारी, पहिल्या तुकडीत चौदा जणी. तू जिवंत असताना सहा महिने जे झालं नाही ते तू गेल्यावर एका आठवड्यात झालं. मी फोनवर शिवी देणार होतो. चाची समोर होती, तिनं मान हलवली. मी म्हणालो, येतो.

हॉल मोठा होता, मॅट नव्या होत्या. चौदा जणी रांगेत उभ्या. पाठीमागच्या भिंतीवर तुझा फोटो आणि खाली तेच वाक्य, शस्त्र सोडलं नाही. मी लाकडी पिस्तूल काढलं, पंजा कसा मारायचा ते सांगायला सुरुवात केली, आणि दोन वाक्यांनंतर थांबलो. मग म्हणालो, "चार मॅट उचला आणि माझ्याबरोबर या."

हॉलच्या मागे जिना होता. आम्ही पायऱ्यांवर मॅट अंथरल्या, खाली दोन घातल्या. त्यांच्यातली सगळ्यात उंच मुलगी होती तिला म्हटलं, माझं पिस्तूल ओढ, खरोखरीचं ओढ. तिनं ओढलं. मी दोन्ही हात दाबले आणि पाठीवर गेलो. डोकं मॅटवर आपटलं तेव्हा मला कळलं तुला काय वाटलं असेल, निदान त्यातलं थोडंसं. पुन्हा उभा राहिलो. दुसऱ्यांदा खांद्यावर पडलो. पोरी म्हणाल्या, "सर, बस करा." मी म्हणालो, "ओढ."

चौथ्या-पाचव्या वेळी सापडलं. दोन हात लागतच नाहीत. उजवा पंजा घट्ट आणि कोपर बरगडीला कुलूप लावल्यासारखं, तर एका हातानं पिस्तूल राहतं. तेवढा वेळ तर राहतंच. डावा हात मोकळा सोडायचा आणि त्याची बाही धरायची. तोल जातोय असं वाटलं की वाट बघायची नाही, आपणच भिंतीच्या अंगाला बसकण मारायची, पिस्तुलाची कंबर भिंतीशी दाबायची, हनुवटी छातीला. मग पडलो तरी बुडावर पडतो आणि डोकं वर राहतं. त्या उंच मुलीनं करून पाहिलं, जमलं. मग सगळ्यात लहानखुरी होती तिनं केलं, तिलाही जमलं.

मी घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला होता.

अर्धा तास, दर्शना. तू विचारलंस त्या रविवारी साहेब गेले तेव्हा अकरा वाजले होते. आपल्याकडे अख्खी दुपार होती. शेडच्या मागे माळ्यावर जायचा जिनाही होता.

मग मी त्या पोरींना आणखी एक सांगितलं. म्हणालो, "हेही जमलं नाही, डोकं दगडावर जातंय असं दिसलं, तर सोडा. दोन्ही हात सोडा आणि डोकं वाचवा. चौकशी होईल. होऊ दे." जिन्याच्या वरच्या पायरीवर साहेब कधी येऊन उभे राहिले होते मला कळलं नाही. ते खाली आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कासमभाई, असं शिकवता येणार नाही. हत्यार सोडा, असं आमच्याकडे कुणी म्हणू शकत नाही."

मी म्हणालो, "मग दुसरा मास्तर बघा. आणि भिंतीवरचं ते वाक्य काढा, नाहीतर त्याच्या खाली लिहा की तिनं विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

त्यांना आठवत नव्हतं. ते हसले होते आणि त्यांना आठवत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. वाईट माणूस नाही तो. पण पुढच्या शनिवारचा वर्ग झाला नाही, आणि कधी होणार ते मला कुणी कळवलं नाही. रविवारी मात्र पाच जणी साध्या कपड्यांत शेडवर आल्या. मॅट उचलून माळ्याच्या जिन्यावर अंथरायला त्यांना सांगावं लागलं नाही.

परवा तुझ्या आईकडे गेलो. आधी जायला हवं होतं, धीर झाला नाही. एसटीतून उतरून चढण चढलो. ती पडवीत कुळीथ निवडत बसली होती. मला ओळखलं, बसा म्हणाली नाही. मी पायरीवर टेकलो आणि सगळं सांगितलं. साहेब, जिना, तुझा प्रश्न, माझं उत्तर, सगळे कसे हसले ते. माफी हा शब्द तोंडात आला होता, तो गिळला. तिच्यासमोर तो शब्द फार हलका वाटला.

ती सूप खाली ठेवून म्हणाली, "बारीक असल्यापासनं इचारायची ती. ह्ये असं का, त्ये तसं का. भावाला का आधी वाढता. मला साळंत का नाय धाडत. आमी सगली म्हनायचो, गप ऱ्हा." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमीव त्येच क्येलंत."

मी हो म्हणालो.

तिनं सूप पुन्हा उचललं. चहा विचारला नाही, आणि ते बरं केलं. थोड्या वेळानं मी उठलो, अंगण ओलांडलं. कुंपणाचं बेडं उघडत होतो तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"मास्तर, त्या नव्या पोरी इचारतात काय?"

"विचारतात," मी म्हणालो. "खूप विचारतात."

"मंग सांगत जावा," ती म्हणाली, आणि खाली बघून कुळीथ निवडायला लागली.